वाटाड्या कोण? शिरूर ते कोरेगाव भीमा चालताना पडलेले प्रश्न



गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच कार्यकर्ते पैसे भरून एका 'हेरिटेज वॉक'ला गेलो. ठिकाण शिरूर, म्हणजे जुन्या माणसांची घोडनदी. विषय 'ब्रिटिशकालीन शिरूर'. पुण्याहून बस, वाटेत नाश्ता, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील नकाशा. सोबतची मंडळी बहुतेक निवृत्त, सुखवस्तू, इतिहासाची हौस असलेली. वाटाड्या तरुण होता, अभ्यासू होता, बोलायला गोड होता. त्याने घोडनदीच्या काठची छावणी सांगितली, इंग्रजांच्या कबरी दाखवल्या, पूना हॉर्सच्या घोडेस्वारांच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी ३१ डिसेंबर १८१७ ची रात्र आली. कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन, लेफ्टनंट पॅटिन्सन, लेफ्टनंट चिझम, डॉक्टर विंगेट. नावे त्याला तोंडपाठ होती. पॅटिन्सन किती उंच होता तेही त्याने सांगितले.

आमच्यातल्या एका मुलीने हात वर केला. "सर, कॅप्टनबरोबर पाचशे पायदळ होते म्हणता. ते कोण होते?"

तो म्हणाला, "नेटिव्ह होते. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री." आणि घड्याळाकडे बघून पुढच्या ठिकाणाकडे निघाला.

पाचशे माणसे एका शब्दात संपली. हा वाटाड्या जातीयवादी होता असे आमचे म्हणणे नाही. त्याने आम्हाला कुठे अडवले नाही, चहाचा कप वेगळा दिला नाही. त्याने जी पुस्तके वाचली त्यात जी नावे होती ती त्याने सांगितली. पण प्रश्न इथेच आहे. ज्या वाटेवरून आपली माणसे चालत गेली, त्या वाटेवर आज दुसऱ्या कुणाच्या तरी नावाची पाटी घेऊन दुसरा कुणीतरी पुढे चालतो आहे, आणि आपण तिकीट काढून त्याच्या मागे चालतो आहोत. म्हणून हा लेख.

ती रात्र आणि आमची रात्र

आधी घटना नीट समजून घेऊ, कारण आपल्या व्यासपीठांवरूनही ती अर्धीच सांगितली जाते.

वसईच्या तहानंतर कंपनीची फौज शिरूरला तळ ठोकून होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. दुसरा बाजीराव बाहेर पळाला, फिरत फिरत पुन्हा पुण्याच्या दिशेने आला. पुण्यात कर्नल बर याच्याकडे फौज थोडी होती. त्याने शिरूरहून कुमक मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास स्टॉन्टन निघाला. बरोबर पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यांच्यावर मद्रास तोफखान्याचे २४ युरोपियन गोलंदाज. सगळे मिळून आठशेच्या वर. रात्रभर चालून १ जानेवारीच्या सकाळी दहाच्या सुमारास ते तळेगाव ढमढेरेच्या बाजूच्या उंचवट्यावर आले, आणि समोर भीमेच्या पलीकडे पेशव्याची प्रचंड फौज दिसली. कंपनीच्या बाजूचे लेखक ती २८ हजार सांगतात. त्यातली प्रत्यक्ष लढायला उतरली ती अरब, गोसावी आणि इतर पायदळाची पथके. लढाई झाली ती कोरेगावात, गल्लीबोळात, घराघरात. दिवसभर पाणी नाही, अन्न नाही. नदी समोर, पण तिथे जायची सोय नाही. काही गोलंदाज शरण जाऊ म्हणू लागले होते, ही नोंद इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे. रात्री नऊच्या सुमारास मारा थांबला. कंपनीच्या बाजूची पावणेतीनशेच्या आसपास माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. पेशव्याची फौज निघून गेली. २ तारखेच्या रात्री स्टॉन्टन जखमींना घेऊन पुन्हा शिरूरकडे फिरला आणि ३ तारखेच्या सकाळी तिथे पोचला.

हे वाचायला दोन मिनिटे लागतात. चालायला किती लागतात, हे पाहायचे आम्ही ठरवले.

डिसेंबरच्याच एका रात्री आम्ही अकरा जण शिरूरहून आठ वाजता निघालो. सरदवाडी, कारेगाव, रांजणगाव, कोंढापुरी, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव. आज हा सगळा नगर रस्ता आहे. बाजूने ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बस. रांजणगाव एमआयडीसीजवळ रात्रपाळीची पोरे गेटबाहेर वडापाव खात उभी होती. त्यातले दोघे जयभीम म्हणाले, कुठे निघालात विचारले. सांगितल्यावर एक हसला, "चालत? स्तंभाला? एक तारखेला बस असते की दादा." आमच्या पायात बूट होते, पाठीवर पाण्याच्या बाटल्या होत्या, खांद्यावर बंदूक नव्हती, मागे तोफ ओढायची नव्हती. तरी कोंढापुरीपर्यंत चौघांनी हात टेकले आणि टेम्पोत बसले. उरलेले आम्ही सात जण सकाळी साडेआठला कोरेगावला पोचलो, तेव्हा कुणाला भाषण सुचत नव्हते. पारावर बसलो, पाणी प्यालो, आणि एकाच गोष्टीचा विचार करत राहिलो: ती माणसे एवढे चालून आल्यावर लढायला उभी राहिली. दिवसभर. पाण्याशिवाय.

मित्रांनो, शौर्य हा शब्द आपण इतका वापरला आहे की तो गुळगुळीत झाला आहे. चाळीस किलोमीटर चालून पाहा. शब्दाला पुन्हा धार येते.

गावाची वाट दाखवणारा कोण होता?

आता 'वाटाड्या' या शब्दाकडे येऊ. इतिहासाची वाट दाखवायचे काम आज सुशिक्षित सवर्ण तरुण करतो, त्याचे पैसे घेतो, त्याला प्रतिष्ठा मिळते. दोनशे वर्षांपूर्वी या मुलुखात वाट दाखवायचे काम कुणाचे होते? महाराचे. गावात अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावत पुढच्या गावची शीव दाखवायची. वाटसरूला पोचवायचे. सांगावा न्यायचा, खजिन्याबरोबर जायचे, वेशीवर रात्र काढायची. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष काढली जाई, कारण शीव त्याच्या पायाखालची होती. दगड, ओढा, झाड, पाऊलवाट त्याला ठाऊक. गावाचा चालता-बोलता नकाशा तोच होता.

पण त्या ज्ञानाला मोल नव्हते. ते 'वतन' होते, म्हणजे दिवसरात्रीची राबणूक आणि बदल्यात बलुत्याच्या चार पेंढ्या. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ते वतन कायद्याने जायला स्वातंत्र्यानंतरही एक दशक उलटावे लागले.

गंमत पाहा. जोवर वाट दाखवणे हे हलके काम होते तोवर ते आपल्या माथी मारले गेले. ज्या दिवशी ते 'हेरिटेज' झाले, त्याला तिकीट लागले, त्या दिवशी ते आपल्या हातून निसटले. हे आपोआप झालेले नाही. ज्ञान आमच्या पायात होते, पुस्तक दुसऱ्याच्या हातात होते.

म्हणून आमचे म्हणणे असे: शिरूर ते कोरेगाव या वाटेचा वाटाड्या आपल्या समाजातला मुलगा किंवा मुलगी असली पाहिजे. वतन म्हणून नव्हे, हक्काने. फुकट नव्हे, योग्य मोबदला घेऊन. आणि पाठ केलेली भाषणे म्हणून नव्हे, कागद वाचून.

इंग्लंडात काय चालले आहे?

काही मित्र म्हणतील, हे पर्यटनाचे फॅड आपल्याला कशाला? चालणे-फिरणे हा रिकामटेकड्यांचा धंदा. थांबा. चालण्याचा हक्क हा फार जुना राजकीय प्रश्न आहे, आणि तो इंग्रजांच्या स्वतःच्या देशातही लढून मिळवावा लागला.

इंग्लंडात डोंगर, माळ, रान हे मोठ्या जमीनदारांच्या मालकीचे. शिकारीसाठी राखलेले. गिरणी-कारखान्यातल्या कामगाराला रविवारी तिथे पाय ठेवायची बंदी. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसले. बेनी रॉथमन नावाचा विशीतला पोरगा त्यांचा पुढारी. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात फिरण्याच्या हक्काचा कायदा झाला, त्यामागे या चळवळीचाही रेटा होता. आता तारखा लक्षात घ्या. आपले महाड २० मार्च १९२७ चे, काळाराम १९३० चे. इंग्लंडातला कामगार डोंगरावर चढण्याआधी पाच वर्षे आपला समाज चवदार तळ्यापर्यंत चालत गेला होता. दोन्हींत एक मोठा फरकही आहे. किंडरच्या कामगाराला मालकाची जमीन बंद होती. महाडला तळे सार्वजनिक होते, कायदेमंडळाचा ठराव होता, नगरपालिकेने ते खुले केले होते, आणि तरी पाणी बंद होते. तिथे मालकी आड आली, इथे जात.

दुसरी गोष्ट अलीकडची. इंग्लंडातले जुने वाडे, बागा, तलाव बघायला लोक रांगा लावतात. हिरवळ, हंस, दगडी पूल. हे सगळे कुणाच्या पैशातून? क्लेअरमाँटची जहागीर रॉबर्ट क्लाइव्हने बंगालच्या लुटीच्या पैशातून घेतली. बेसिल्डन पार्क बांधणारा फ्रान्सिस साइक्स हाही कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गब्बर झालेला. असली ठिकाणे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२० मध्ये एक अहवाल काढला आणि आपल्या ताब्यातल्या ९३ जागांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध उघड मांडला. कोरिन फाउलर या प्राध्यापिकेने शाळकरी मुलांना अशा वाड्यांत नेऊन त्यांच्याकडून हा इतिहास लिहून घेतला. पुढे तिने या भूप्रदेशातून चालत चालत एक पुस्तकही लिहिले.

आणि मग काय झाले? जे इथे होते तेच. इतिहासाचे राजकारण करू नका, आमचा सुंदर भूतकाळ नासवू नका, म्हणून खासदार आणि वर्तमानपत्रे तुटून पडली. ट्रस्टची चौकशी झाली. नियामक मंडळाने २०२१ मध्ये सांगितले की ट्रस्टने कुठलाही नियम मोडलेला नाही.

यातून आपण काय घ्यायचे? एवढेच, की बागेत फिरवताना 'ही बाग कुणी पोसली' हे विचारणे म्हणजे फिरणे बिघडवणे नव्हे. फिरणे तिथूनच सुरू होते. इंग्लंडातल्या मुलांना जर त्यांच्या बागेत बंगाल दिसू शकतो, तर शिरूरच्या छावणीत आपल्याला आपली माणसे का दिसू नयेत?

आपल्या घरातला हिशेब

दुसऱ्याला जाब विचारण्याआधी आपल्या घरात पाहू.

आपण वर्षातून एक दिवस जातो. रांग लावतो, मानवंदना देतो, फोटो काढतो, नेत्यांच्या होर्डिंगखालून परत येतो. हा दिवस महत्त्वाचा आहे, तो राहिलाच पाहिजे. शिवराम जानबा कांबळे यांनी ज्या स्तंभापुढे समाजाला उभे केले, जिथे १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः आले, तिथे लाखोंनी जाणे ही आपली परंपरा आहे. पण स्तंभ पेरणेच्या हद्दीत, हवेली तालुक्यात, नदीच्या पुण्याकडच्या बाजूला. लढाई झाली ती पलीकडे, गावात. पलटण आली ती त्याच्याही पलीकडून, शिरूरहून. आपल्यातल्या किती जणांनी शिरूर पाहिले आहे? स्तंभ हा त्या वाटेचा शेवट आहे, आणि आपण फक्त शेवट पाहतो.

दुसरे. व्यासपीठावरून आपण सांगतो, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना कापून काढले. खरे काय आहे ते स्तंभ स्वतः सांगतो. त्यावर लढाईत पडलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत. त्यातली २२ नावे 'नाक' ने संपणारी, म्हणजे महारांची. बाकीच्यांत मराठा आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, ज्यू आहेत. ४९ पैकी २२ हा आकडा लहान आहे का? ज्या समाजाला पेशवाईत माणूस म्हणून मोजले जात नव्हते, ज्याच्या गळ्यातल्या मडक्याबद्दल आणि कमरेच्या झाडूबद्दल बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये लिहिले, त्या समाजाची नावे दगडावर कोरली गेली आणि ती सर्वांत जास्त भरली, हे पुरेसे आहे. खऱ्याला फुगवण्याची गरज नसते. आपण एक आकडा फुगवला की समोरचा तोच धरून आपले सगळेच खोटे ठरवतो.

तिसरे, आपल्यातलाच आक्षेप. २०१८ च्या जानेवारीत आनंद तेलतुंबडे यांनी लिहिले की ही लढाई जातीच्या अत्याचाराविरुद्ध होती असे म्हणणे हे मिथक आहे. शिपाई कंपनीचे पगारी नोकर म्हणून लढले. तेव्हा अनेकांना राग आला. आम्हालाही आला. पण त्या वाटेवर चालून आल्यावर आम्हाला वाटते, या प्रश्नाला रागाने उत्तर देता येत नाही. त्या शिपायांच्या मनात काय होते याचा कागद कुणाकडे नाही. ते पगारासाठी गेले, हे खरेच. पण पगार, गणवेश, बंदूक आणि हुद्दा मिळण्याची दुसरी जागा त्यांना गावगाड्यात कुठे होती? ज्याला गावात सावली पाडायची चोरी, तो पलटणीत नाईक, हवालदार होतो, ही गोष्ट पगाराइतकीच खरी आहे. आणि एक जास्तीची गोष्ट. लढाईचा अर्थ लढाईच्या दिवशीच संपत नाही. स्तंभ इंग्रजांनी आपल्या फुशारकीसाठी उभारला, १८२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. शंभर वर्षांनी आपल्या माणसांनी त्यावरची नावे वाचली आणि त्या दगडाचा अर्थ बदलला. हा अर्थ आपण कमावलेला आहे. तो मिथक नाही. पण तो टिकवायचा असेल तर खरी कागदपत्रे हातात हवीत.

गोऱ्याला देव करू नका

शिरूरच्या इंग्रजी दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. तो १८०९ मध्ये शिरूरला वारला. जुन्या पुणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे की आसपासचे गावकरी त्याला 'सतपुरुष' म्हणत आणि सुगीचे पहिले धान्य त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून आणत. कर्नलला देवपण मिळाले. त्याच छावणीत राहणाऱ्या आपल्या शिपायांच्या लाइनी कुठे होत्या, त्यांच्या बायकापोरांची वस्ती कुठे होती, मेलेल्यांना कुठे पुरले, हे सांगणारी एकही पाटी आम्हाला तिथे दिसली नाही.

कृतज्ञतेच्या नावाखाली इंग्रजाला डोक्यावर घेणाऱ्या मित्रांना आमचे सांगणे आहे की पुढचे पान उलटा. कोरेगावला रक्त सांडणाऱ्या याच समाजाची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धांत त्यांनी काढला आणि त्यात आपल्याला जागा ठेवली नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी सासवडला ५१ गावांचे महार जमवले, १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली ती पुन्हा युद्धाच्या गरजेने आणि बाबासाहेबांच्या आग्रहाने. गरज असली की शिपाई, गरज सरली की अस्पृश्य. बाबासाहेबांनी इंग्रजांना ही कृतघ्नता तोंडावर ऐकवली. आपण त्यांच्याहून जास्त इंग्रजनिष्ठ व्हायचे काही कारण नाही.

भीमा ओलांडून दौंडला

म्हणून ही वाट स्तंभापाशी संपवू नका, असे आमचे म्हणणे आहे. शिरूरहून न्हावरे, तिथून पारगावला भीमा ओलांडून चौफुला, केडगाव आणि मग दौंड. हा या मुलुखाचा दुसरा इंग्रजी नकाशा आहे, रुळांचा.

पुण्याहून दिकसाळपर्यंतची रेल्वे १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याआधीची दोन वर्षे दख्खनच्या महादुष्काळाची. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी १ पौंड धान्य पुरे ठरवले. 'इंग्रजांनी रेल्वे आणली' हे वाक्य दौंडच्या फलाटावर उभे राहून म्हणणाऱ्याने हा एक पौंड लक्षात ठेवावा.

त्याच दौंडहून सुटणारा रूळ मनमाडला जातो, आणि मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे भाषण केले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच सांगितले. त्या भाषणात एक साधा तपशील आहे. अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो, आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो. रूळ लोखंडाचा, इंजिन विलायती, पण स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराचा उंबरा गावातलाच. आज रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत आपली किती पोरे कायम आहेत आणि किती ठेकेदाराच्या यादीत आहेत, हे मोजले तर मनमाडचे भाषण जुने वाटणार नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळातल्या निराधार बायका-मुलींना तिथे आसरा मिळाला. हेही या वाटेवरचे ठिकाण. वाटाड्याने तिथे थांबले पाहिजे.

सहलीला जाणे सोपे नसते

शेवटी एक कठीण गोष्ट. सवर्ण माणूस वारसास्थळ बघायला जातो तेव्हा उन्हाची टोपी घेतली की झाले. आपले तसे नसते. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीने माखलेली माणसे, वेशीपाशी पाण्याचे टाके. हातपाय धुतले, आणि मागून ओरडत माणूस आला की धेडांनी टाके बाटवले. किल्ला पाहायला मिळाला तो सोबत शिपाई घेऊन, कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. बाबासाहेबांची ती सहल होती. एक साधी सहल.

आणि १ जानेवारी २०१८ आपण विसरलेलो नाही. अभिवादनाला निघालेल्या माणसांवर दगड आले, गाड्या जळाल्या, त्या दिवशीच्या हिंसाचारात एका तरुणाचा जीव गेला. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, वर्षे गेली. सणसवाडीतून रात्री चालताना आमच्यातले सगळे गप्प झाले होते. त्या शांततेत भीती होती, हे लिहायला आम्हाला लाज वाटत नाही. पण सकाळी कोरेगावच्या पारावर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "कुठून आलात पोरांनो?" आम्ही सांगितले, शिरूरहून चालत. ते म्हणाले, "चालत? मग आधी पाणी प्या." कळशी त्यांनीच आणली. जात आम्ही त्यांना विचारली नाही, त्यांनी आम्हाला विचारली नाही. बंदोबस्तातला एक जानेवारी आणि हा पारावरचा तांब्या, दोन्ही खरे आहेत. वर्षभर माणसे येत-जात राहिली, थांबून बोलत राहिली, तर पारावरचे दिवस वाढतील. एका दिवसाची गर्दी ओळख वाढवत नाही.

मग करायचे काय?

एक. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीतून एक मुलगा, एक मुलगी अशी तयारी करा. गॅझेटियर वाचायला शिकवा, स्तंभावरची ४९ च्या ४९ नावे वाचायला शिकवा. फक्त आपली २२ नव्हे. मराठा शिपायाचे नावही आपला वाटाड्या आदराने वाचेल, तेव्हा ऐकणाऱ्या मराठा तरुणाला कळेल की हा स्तंभ त्याच्याविरुद्ध नाही.

दोन. घराघरातल्या पेट्या उघडा. शिरूरला चहाच्या टपरीवर एक आजोबा म्हणाले, "आमचा पणजा पलटणीत होता म्हणायचे. कुठली पलटण, कुणी इचारलंच नाही." विचारा. पेन्शनचा कागद, बिल्ला, फोटो, जे सापडेल त्याचे छायाचित्र काढून ठेवा. आणखी दहा वर्षांनी सांगणारे नसतील.

तीन. मोबदला घ्या. पावती द्या. फुकट वाट दाखवायचे दिवस वतनाबरोबर गेले.

चार. परतीची वाटही चाला. जखमींना घेऊन शिरूरला परतणाऱ्या त्या रात्रीची आठवण कुणी काढत नाही. विजयाच्या घोषणेइतकीच तीही आपली आहे.

पाच. जो वाटाड्या 'नेटिव्ह' म्हणून पुढे जाईल, त्याच्याशी भांडू नका. थांबवा, आणि नावे वाचायला सांगा. त्याला येत नसतील तर तुम्ही वाचून दाखवा. एवढ्यासाठी ती तुम्हाला आली पाहिजेत.

येत्या थंडीत आम्ही पुन्हा शिरूरहून निघणार आहोत. या वेळी ती प्रश्न विचारणारी मुलगी पुढे चालेल आणि आम्ही तिच्या मागे. ज्यांना यायचे आहे त्यांनी चांगले बूट आणि पाण्याची बाटली घेऊन यावे. झेंडा एकच पुरे.

जयभीम!